राहू दे

फेरो बेटांच्या पार दक्षिणेला आमचं गाव.
माणसं एकशे चौदा, मेंढ्यांची मोजदाद नाही,
आणि संगणक घ्यायचा एक.
एकच. सभागृहाच्या छपरावरचं गवत बदलून
उरले तेवढेच पैसे.

गुरुवारच्या बोटीने ऑर्डर जायला हवी.
किल्ली माझ्याकडे, म्हणून कॉफी मीच केली,
आणि कॉफी मी केली, म्हणून की काय,
शेवटचं मतही माझंच ठरलं.

पोउला म्हणाली, चंदेरी घ्या, उष्ट्या सफरचंदाचा.
तिच्या मुलीकडे आहे कोपनहेगनला,
सात वर्षांत हूं नाही की चूं नाही.
भर प्रार्थनेत उघडला तरी कुणी मान वळवणार नाही.
किंमत मात्र तिने हळूच सांगितली,
आजाऱ्याचा ताप सांगावा तशी.

ऐब्यर्नने बोटांवर हिशेब मांडला:
विंडोज. नगरपालिकेचे अर्ज त्यातच उघडतात,
मेंढ्यांच्या अनुदानाचा तक्ता त्यातच,
प्रिंटरसुद्धा त्याचंच ऐकतो.
"मळलेली वाट बरी.
धुक्यात नवी कोण काढत बसतो?"
बरोबर होतं त्याचं. त्याचं नेहमी बरोबर असतं,
हीच तर अडचण.

हानुस गप्प.
चाळीस वर्षं तो ट्रॉलरच्या इंजिनाशी बोलला,
माणसांसाठी फारसं उरलं नाही.
पिशवीतून त्याने जुना काळा लॅपटॉप काढला,
बिजागरीला मासेमारीची दोरी गुंडाळलेला,
आणि चालू केला. लिनक्स.
"फुकट आहे. झाकण उघडून आत हात घालता येतो," म्हणाला.
त्याच्या मानाने हे भाषणच.

पोउलाने चष्मा लावला.
पडद्यावर आमची भाषा होती.
एका मोठ्या स्टेडियममध्ये मावतील एवढेच लोक बोलतात ती.
अर्धी आमची, अर्धी इंग्रजी,
जुन्या भिंतीला मध्येच नवे दगड बसवावेत तशी.
"अर्धवट आहे हे," ऐब्यर्न म्हणाला.
"करणारा दमला," हानुस म्हणाला.

तेव्हा कळलं.
बॅरेंट्स समुद्रात, पाळी संपल्यावर,
हा रात्री बसून एकेक शब्द बसवायचा:
फाइलला काय म्हणावं,
खिडकीला नुसतं खिडकी म्हटलं तर चालेल का.
तीनशे बारा शब्द झाले.
मग त्याची मारिन्ना आजारी पडली, तो जहाज सोडून घरी आला,
आणि तीनशे तेरावा इंग्रजीतच राहिला.

मी भावाचं नाव टाइप करून पाहिलं.
त्यात एक अक्षर आहे, आम्ही ते उच्चारत नाही,
लिहितो मात्र. न लिहिलं तर तो दुसराच कुणी होतो.
ते अक्षर तिन्ही यंत्रांत मिळतं, खोटं कशाला बोलू.

पण बोट भलतीकडे पडलं आणि चौकट उघडली:
सगळं पुसायचं?
खाली दोन बटणं. एकावर "हो".
दुसऱ्यावर, जिथे "रद्द करा" असायचं,
तिथे "राहू दे".

मारिन्ना असंच म्हणायची.
कप फुटला, राहू दे.
बोट चुकली, राहू दे.
डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सुचवली,
तेव्हाही कोटाची बटणं लावत, राहू दे.

कॉफी निवली.
ऐब्यर्न टोपी उगाचच झटकत बसला.

मी ऑर्डरमध्ये लिहिलं:
एक लॅपटॉप, वापरलेला चालेल,
आत काही भरू नका.

अनुदानाचे अर्ज त्यात अजून धड उघडत नाहीत.
महिन्यातून एकदा ते पेनड्राइव्हवर घालून
मी चढ चढून ऐब्यर्नकडे जाते.
"सांगितलं होतं" असं तो म्हणत नाही,
नुसता प्रिंटरकडे बघतो.

आणि परवा एका बटणावर,
जिथे मार्चपर्यंत इंग्रजी होतं,
तिथे आमचा शब्द दिसला. कोरा.
त्यात एक अक्षर सुटलंय,
तेच, न उच्चारायचं.
हानुसला मी अजून सांगितलेलं नाही.